माझ्याच पराभवाचं वाचन

सौदीतल्या अल खर्जच्या डेअरी फार्मवर आमचा कॅम्प होता. तिथे मेसचा अध्यक्ष निवडायचा तर नुसते हात वर करायचे, की झालं. दोन हजार एकच्या जानेवारीत मी ही पद्धत मोडीत काढली. कारण टीव्ही.

अमेरिकेच्या अध्यक्षाची मतं तिथल्या संसदेत कशी मोजतात, ते बातम्यांत दाखवत होते. लाकडी पेट्यांतून एकेका राज्याचं सहीशिक्क्याचं प्रमाणपत्र निघे आणि दोन्ही सभागृहांतून नेमलेली माणसं ते मोठ्यानं वाचत. वर खुर्चीत उपाध्यक्ष, आणि गंमत म्हणजे निवडणुकीत हरलेला उमेदवारही तोच! त्याच्याच बाजूचे लोक हरकत घ्यायला उठत होते आणि हा विचारत होता, वरिष्ठ सभागृहातल्या कुणाची सही आहे का? नाही? मग बसा. शेवटी प्रतिस्पर्ध्याचा विजय त्यानंच जाहीर केला. मी चिपळूणचा, कूलिंग प्लँटवरचा मेकॅनिक. माझा काय संबंध? पण ताट हातात धरून मी ते सगळं उभ्यानं पाहिलं.

मेसचा अध्यक्ष तेव्हा मीच होतो. पुन्हा उभाही होतो. समोर मालवणचा वेल्डर, शुक्रवारी कोंबडीऐवजी मासे देण्याचं वचन घेऊन. मी नियम केले. खोलीत माणसं जितकी, तितकी मतं; खोलीचा कौल एकगठ्ठा, खोलीप्रमुखाच्या सहीनं, बंद पाकिटात. हरकत लेखी हवी, तिच्यावर ए ब्लॉकमधली एक आणि बी ब्लॉकमधली एक अशा दोन सह्या हव्यात. तशी हरकत आली तर पाकीट बाद. मोजणीला खुर्चीत मी. लोक हसले, पण कबूल झाले.

खरं सांगतो, मला ती खुर्ची सोडायची नव्हती. प्लँटवर मी म्हणजे इकाम्यावरचा, तिथल्या राहण्याच्या परवान्यावरचा, एक नंबर. मेसमध्ये मात्र उद्या डाळ कुठली करायची, हे विचारायला आचारी माझ्याकडे यायचा.

शुक्रवारी जेवणाआधी मोजणी सुरू झाली. पाकिटं ताकाच्या निळ्या क्रेटमध्ये. शेवटचं राहिलं तेव्हा मी एकवीस, वेल्डर एकोणीस. ते सात नंबरच्या खोलीचं होतं. सहा मतं, सहाही वेल्डरला. खाली सही नाही!

माझा साताऱ्याचा दोस्त इलेक्ट्रिशियन होता आणि ए ब्लॉकमध्ये राहायचा. तो ताडकन उठला. "आवो, सही न्हाई तर पाकीट बाद!" त्यानं हरकत लिहिली, खाली सही ठोकली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. बी ब्लॉकमधला दुसरा कुणी जागचा हलेना. बी ब्लॉकमध्ये मी राहत होतो. खिशाला पेन होतं.

सात नंबरचे सहाही जण समोरच उभे होते. त्यांचा खोलीप्रमुख कानकोंडा होऊन म्हणाला, "विसरलो हो. पण आम्ही सगळे इथंच आहोत की!" हात पेनाकडे गेला होता, हे नाकारत नाही. त्या सहांची तोंडं बघितली आणि तो मागे आला.

"बी ब्लॉकमधल्या कुणाची सही आहे का?" मी विचारलं. मी डाव उचलून पातेल्यावर आपटला. "हरकत फेटाळली!"

"आता वाचून टाका मरे!" वेल्डर ओरडला. मी उभा राहिलो. घसा खाकरून, आमच्या दोघांची पूर्ण नावं घेऊन, पंचवीस विरुद्ध एकवीस असा माझा पराभव खणखणीत आवाजात वाचला. काय टाळ्या पडल्या! साताऱ्याचा दोस्त शिव्या देत होता आणि टाळ्याही वाजवत होता. वेल्डरनं मला कमरेला धरून उचललंच.

संध्याकाळी घरी फोन लावला. निवडणुकीचं काय झालं, म्हणून बायकोनं विचारलं.

"पडलो."

"मग हसताय कशाला एवढे?"

"अगं, मीच जाहीर केलं," मी म्हणालो, आणि पुन्हा हसू आलं.