आजचीच कोथिंबीर

डबा धुता येतो, डबा खाताना ऐकलेले किस्से धुऊन जात नाहीत. ते साठतच राहतात. आमच्या बँकेच्या जेवणाच्या टेबलावर साठलेले निम्मे तर एकट्या शिंदेअण्णांचे! दोन हजार सालच्या आसपासचे.

अण्णा हेडक्लार्क, राहायला कोल्हापूरजवळच्या उचगावात. त्यांच्या अंगावर पित्त उठायचं, हातभर लाल चट्टे. त्यात थोरल्या मुलीला स्थळं बघणं चाललेलं. "बापाचं अंग बघून पावणं दारातनंच माघारी जातील," ही त्यांची धास्ती. त्यामुळे मे महिन्यातही फुल शर्ट, मनगटाचं बटण लावलेलं.

*

डॉक्टर म्हणाले, "हिस्टामिनचा त्रास आहे. शिळं, आंबवलेलं, खारवलेलं बंद. टोमॅटो, वांगं, मसाल्याची चटणी बंद."

कोल्हापुरात चटणी बंद! अण्णांनी विचारलं, "मग ऱ्हायलं काय?"

"ताजी कोथिंबीर, पुदिना, कढीपत्ता. पण त्या दिवशीचंच."

"डॉक्टर, मी माणूस हाय की शेरडू?"

*

तरी पथ्य इमानेइतबारे पाळलं. मंडईतल्या मावशींना रोज एकच प्रश्न, "कोथिंबीर आजचीच हाय न्हवं?"

एक दिवस मावशी उखडल्या. "न्हाय पावणं, तुमच्या वरातीतली जपून ठेवलीया!"

अण्णांनी जुडीचा वास घेतला आणि मगच पिशवीत टाकली.

*

अण्णांच्या आईचा डॉक्टरांवर विश्वास नव्हता. "घोंगडं पांघरून बस, पित्त पळतंय." अण्णा भर दुपारी बसले.

तासाभरानं आईनं विचारलं, "गेलं का?"

"ते हाय तिथंच हाय. मीच जायचा ऱ्हायलोय!"

*

बँकेच्या खिडकीत अण्णांनी पुदिन्याची कुंडी ठेवली होती. एकदा साहेबांकडे पाहुणे आले आणि शिपायानं सगळा पुदिना चहात घातला. साहेब खूश.

अण्णा केबिनमध्ये गेले. "चहा झ्याक झालाय न्हवं, साहेब? माझं औषध हुतं ते."

साहेबांनी कप खाली ठेवला.

*

अखेर गडहिंग्लजचं स्थळ आलं. मुलामुलीची पसंती झाली, वडीलधाऱ्यांची बोलणी तेवढी राहिली. आधी जेवण. अण्णांना एकट्याला वेगळं वाढलं तर पाहुणे कारण विचारणार. म्हणून वहिनींनी सगळ्यांनाच कोथिंबीर-पुदिन्यातलं मटण केलं. तांबड्या रश्श्याच्या गावात पाहुण्यांपुढं हिरवा रस्सा! आम्ही मित्रमंडळी पंगतीत जीव मुठीत धरून बसलेलो.

मुलाच्या वडिलांनी वाटी उचलली, वास घेतला. बाहेर ऊन मी म्हणत होतं, पण त्यांचाही शर्ट फुल, मनगटाचं बटण लावलेलं. अण्णांकडं वाकून ते हळूच म्हणाले,

"पावणं, कोथिंबीर आजचीच हाय न्हवं?"