नाताळचा सिनेमा आणि खांदेरीचा दिवा

तंबू टॉकीजमध्ये नोकरी केलेल्या माणसाला किस्से शोधायला जावं लागत नाही. फुकटे प्रेक्षक जसे कनातीखालून आत शिरतात, तसे किस्सेही आपले आपण शिरतात, आणि एकदा बसले की उठवता उठत नाहीत! मी त्या तंबूत सात सीझन काढले. पण मित्र जमले, चहा झाला, की फर्माईश एकाच सीझनची येते. "तो नाताळचा सिनेमा सांग रे!"

तर ऐका.

स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली असतील. तंबू अलिबागच्या अण्णांचा. मशीन मात्र मुंबईच्या एका कंपनीचं. मशीनवर इस्माईलचाचा, आणि माईकवर मी. पिक्चर इंग्रजी असलं की ते लोकांना मराठीत समजावून सांगायचं हे माझं काम. इंग्रजी कळलं तर भाषांतर, नाही कळलं तर पदरचं! गावोगाव मला 'भोंगेमास्तर' म्हणायचे, आणि खोटं कशाला सांगू, मला ते फार आवडायचं.

त्या वर्षी कंपनीनं देवादिकांची सगळी पिक्चरं मोठ्या शहरांना दिली आणि आमच्या गळ्यात एक नाताळचा सिनेमा मारला. सोबत एक जाडजूड रजिस्टर आणि एक पत्र. पत्रात लिहिलं होतं की गावोगाव खेळ लावा आणि प्रेक्षकांचे अभिप्राय या रजिस्टरात घ्या. लोकांना आवडला तर मशीनही राहील आणि सीझनभर नवी पिक्चरंही मिळतील. नाही आवडला तर मशीन परत पाठवा.

अण्णांनी पत्र दोनदा वाचलं आणि टोपी काढून टेबलावर ठेवली. मशीन गेलं की तंबू म्हणजे नुसतं कापड. अण्णांना दुसरा धंदा येत नव्हता, आणि आम्हालाही.

गोष्ट साधी होती. थंड मुलखातलं किनाऱ्यावरचं गाव, एक विधवा आई, तिचा एकुलता एक मुलगा टॉम. नाताळच्या आदल्या दिवशी तो होडी घेऊन समुद्रात जातो. बर्फाचं वादळ सुटतं, दीपस्तंभाचा दिवा विझतो, होडी भरकटते, आणि शेवटी घरी येते. मग घंटा वाजतात, केक कापतात, संपलं. टॉमचं नाव मी पहिल्याच दिवशी तुकाराम केलं.

* * *

पहिला मुक्काम रेवस. खेळ सुरू व्हायच्या आधी मी माईकवरून मोठ्या ऐटीत सांगितलं, "खेळ संपल्यावर प्रत्येकानं आपला अभिप्राय देऊन जायचं आहे!"

तंबूत एकदम कुजबुज. अभिप्राय म्हणजे काय हे कुणालाच माहीत नव्हतं, पण 'देऊन जायचं' एवढं सगळ्यांना नीट कळलं. त्यात अण्णा दारात टेबल टाकून बसलेले. टेबलावर रजिस्टर, दौत, आणि लिहिता न येणाऱ्यांसाठी अंगठ्याची शाई!

खेळ संपला. मी दिवे लावले आणि बघतो तर तंबू रिकामा. माणसं कनातीखालून आत येताना मी खूप पाहिली होती. तिकीट काढलेली माणसं कनातीखालून बाहेर जाताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली!

एक म्हातारा तेवढा गुडघ्यांमुळे वाकू शकला नाही, तो दारात सापडला. अण्णा म्हणाले, "बाबा, अभिप्राय द्या."

म्हाताऱ्यानं दोन्ही हात पाठीमागे लपवले. "जमीन भावांच्या नावावं हाय. मी आंगठा देनार नाय!"

अण्णा प्रामाणिक माणूस. रजिस्टरात पहिला अभिप्राय त्यांनी तसाच्या तसा लिहिला.

* * *

मग आम्ही टेबल, शाई आणि तो शब्द, तिन्ही बंद केली. खेळ चालू असताना लोक काय बोलतात ते मीच टिपायचं ठरलं.

पुढचा मुक्काम पेणच्या खाडीकडच्या एका आगरी गावात. घरटी मिठागर. पिक्चर सुरू झालं, पडद्यावर बर्फ पडायला लागला. घरं पांढरी, झाडं पांढरी, रस्ता पांढरा. तंबू चिडीचूप. मला वाटलं, रंगलं!

पुढच्या रांगेतून एक आजोबा उठून उभे राहिले. "मास्तर, यांचा मीठ वरून पडतं?"

मी माईकवरून म्हटलं, "आजोबा, ते मीठ नाही, बर्फ आहे."

"बर्फ तं लादीचा असतो. मासल्यांवर टाकतात. मना शिकवू नको, चालीस वर्सं मीठ काढतंय मी!"

सगळा तंबू आजोबांच्या बाजूचा. माझं कोण ऐकतो? तेवढ्यात पडद्यावर तुकारामाची आई फावडं घेऊन बाहेर आली आणि दारातला बर्फ उचलून उचलून रस्त्याकडेला फेकायला लागली. त्यासरशी बायका उठल्या! "अगो, टाकतंस कशाला? भर ना टोपलीन!" एक बाई तर कपाळावर हात मारून म्हणाली, "आमी पायाची सालटी काढतो तवा गोनीभर होतं, न ह्या बायला फुकटचा नको झालाय!"

बर्फ थांबेपर्यंत मला एक शब्द बोलू दिला नाही. आजोबांचा निकाल मी रजिस्टरात उतरवून घेतला. "देस चांगला. मानसं उधली."

* * *

अलिबागला शिकलेला प्रेक्षक. कचेरीतले कारकून, कोर्टातले वकील. इथं तरी धड अभिप्राय मिळेल म्हणून अण्णांनी पुन्हा टेबल टाकलं.

पिक्चरमध्ये नाताळबाबा येतो. लाल अंगरखा, पांढरी दाढी, पाठीवर पोतं. धुराड्यातून घरात उतरतो, सगळ्यांना वस्तू वाटतो आणि काही न मागता निघून जातो. निवडणुका नुकत्याच होऊन गेल्या होत्या. मागून एका कारकुनानं ओरडून विचारलं, "मास्तर, कुठल्या पक्षाचा?"

मी म्हटलं, "कुठल्याच नाही. तो नुसतं वाटतो."

"मग पडणार!"

तंबू पाच मिनिटं हसत होता. खेळ संपल्यावर एक वकीलसाहेब टेबलाशी आले, चष्मा पुसला आणि सुवाच्य अक्षरात लिहून गेले, "परवानगीवाचून परक्याच्या घरात रात्री छपरावाटे प्रवेश करणे हा गुन्हा आहे. चित्रपटात आरोपी मोकळा सुटतो, हे समाजास घातक."

अण्णांनी वाचलं आणि मला म्हणाले, "मास्तर, बाड आवरा. आपल्याला अडाणीच लोक बरे!"

* * *

तळा गावी गेलो ते बैलगाडीतून. चढ, खड्डे, धूळ. वाटेत रिळांचे डबे उलटेपालटे झाले आणि इस्माईलचाचांच्या लक्षातच आलं नाही. खेळ सुरू झाला तेव्हा तिसरं रीळ संपल्यावर त्यांनी पाचवं चढवलं आणि चौथं शेवटी!

म्हणजे काय झालं? तुकाराम आधी वाजतगाजत घरी आला, त्यानं केक खाल्ला, आईच्या पाया पडला, आणि मग तोच तुकाराम वादळात सापडला. दिवा विझला, होडी भरकटली, आणि पडदा पांढरा. संपलं! मी माईक घेऊन बसलोय. काय बोलू? शेवटी म्हटलं, "मंडळी, असा हा समुद्र!"

बायाबापड्या डोळे पुसत घरी गेल्या. शाळेचे हेडमास्तर मात्र हेलावलेले. त्यांनी रजिस्टर मागून घेतलं आणि पानभर लिहिलं, "सुखान्ताचा मोह टाळणारी अशी कलाकृती आमच्या गावी प्रथमच आली. मातेच्या ताटातून घास उचलून मृत्यूच्या दारी जाणारा हा पुत्र विसरता येणार नाही." अण्णा इतके खूश झाले की चाचांना त्यांनी चूक माफ केली.

पण गावातल्या बायका सकाळी तंबूशी हजर! "आमच्या पोराला असा मध्येच टाकून जाऊ नका. परत आणा त्याला!" म्हणून संध्याकाळी पुन्हा खेळ लावला, रिळं नीट क्रमानं. तुकाराम सुखरूप घरी आला, बायकांनी टाळ्या वाजवल्या. हेडमास्तर पुन्हा आले होते. त्यांनी रजिस्टर उघडलं आणि कालच्या मजकुराखाली एक ओळ जोडली.

"आज शेवट बिघडवला."

* * *

शेवटचा मुक्काम थळ. त्याच दिवशी निरोप आला की मुंबईचे साहेब स्वतः येताहेत. लाँचनं रेवसला उतरतील, थळला येऊन खेळ बघतील, रजिस्टर बघतील आणि मशीनचं काय ते तिथंच सांगतील.

अण्णांनी दुपारी रजिस्टर पहिल्या पानापासून वाचलं. आंगठा देनार नाय. मानसं उधली. समाजास घातक. शेवट बिघडवला. "मास्तर," ते म्हणाले, "यात 'आवडला' असं कुठं लिहिलंय ते मला दाखवा." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. इस्माईलचाचा मशीन पुसत होते, रोजच्यापेक्षा हळू, आणि ते बघून मलाही भरून आलं.

दिवस मावळला तसा सगळा कोळीवाडा तंबूत आला. साहेब कोट-टाय घालून मधल्या खुर्चीवर, मांडीवर रजिस्टर. पुढे जमिनीवर बायका, आणि त्यांच्या मधोमध नाथीबाय. साठीची बाई, पण आवाज असा की माझा भोंगा तिच्यापुढं काहीच नाही. तिचे दोन्ही मुलगे त्या वेळी होडी घेऊन बाहेर होते.

खेळ सुरू झाला. कुणी हसेना, कुणी बोलेना. बर्फ पडला तरी चूप, नाताळबाबा आला तरी चूप. साहेबांनी दोनदा घड्याळ बघितलं. अण्णांनी मला खूण केली, काहीतरी करा!

मी जीव एकवटला. पडद्यावर वादळ सुटलं, दीपस्तंभाचा दिवा फडफडला आणि विझला. इतके दिवस मी तिथं 'दीपस्तंभ' म्हणायचो. त्या दिवशी वाटलं, यांना जवळचं काहीतरी सांगावं. माईक तोंडाशी धरला आणि जीव खाऊन ओरडलो, "खांदेरीचा दिवा विझला हो!"

आता थळच्या समोर समुद्रात खांदेरीचं बेट. त्यावरचा दिवा बघूनच इथल्या होड्या घरी येतात.

एका क्षणात तंबू उठला! बायका, पुरुष, पोरं, सगळी धावत पन्नास पावलांवरच्या किनाऱ्याकडे. कनात फाटली, दोन खांब कलले. दोन मिनिटांनी तंबूत चौघंच उरलो. अण्णा, चाचा, मी आणि साहेब. मशीन चालूच होतं. साहेबांनी रिकाम्या तंबूकडे बघितलं, रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, "कळला अभिप्राय."

अण्णा मटकन खाली बसले. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. अख्खा कोळीवाडा परत येत होता, आणि आता प्रत्येकाच्या हातात कंदील! किनाऱ्यावर जाताना घराघरातून उचललेले. सगळ्यांत पुढे नाथीबाय. ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मुडद्या! खांदेरी पेटलेली हाय! आमची पोरां धडधाकट येतान!"

मी हात जोडले. "बाय, चुकलो. ती होडी आपली नाही. पिक्चरमधली आहे."

नाथीबायनं पडद्याकडं बघितलं. तुकारामाची होडी अजून लाटांवर हेलकावत होती. आई किनाऱ्यावर एकटी उभी. नाथीबाय बघत राहिली. तिचा राग कुठल्या कुठे गेला.

"आपली नाय तं काय झाला? होरी ती होरी. आनि ती बाय एकटीच उभी हाय, दिसत नाय तुना?" ती वळली. "ए पोरींनो, कंदील वर करा गो!"

शे-दीडशे कंदील वर गेले! पडदा फिका पडला, तंबूत लख्ख उजेड. इस्माईलचाचा ओरडायला लागले, "या अल्ला, बत्त्या खाली! चित्र पुसलं!" कोण ऐकतो? सगळी माणसं पडद्याकडं तोंड करून एका सुरात हाका मारताहेत, "हिकरं ये रं! हिकरं किनारा हाय!" अण्णाही उठले आणि गेटवरची गॅसबत्ती घेऊन त्यांच्यात जाऊन उभे राहिले. मला माईकवर काय बोलावं सुचेना, म्हणून मीही "हिकरं ये रं!" म्हणत सुटलो.

आणि पडद्यावर, त्या फिक्या उजेडात, होडीचं तोंड हळूहळू किनाऱ्याकडं वळलं.

असा जल्लोष मी पुन्हा कधी ऐकला नाही. बायकांनी एकमेकींना मिठ्या मारल्या. पुरुष टोप्या उडवत होते. आणि साहेब? साहेब खुर्चीवर चढून उभे होते, टाय सुटलेला, हातात कुणाचा तरी कंदील! रजिस्टर खाली पायदळी पडलेलं, ते त्यांनी उचललंसुद्धा नाही. उतरल्यावर अण्णांचा हात हातात घेऊन म्हणाले, "मशीन इथंच राहील. सगळी पिक्चरं मी स्वतः पाठवतो."

अण्णा रडत होते आणि हसतही होते, आणि आम्हीही काही वेगळं करत नव्हतो.

मग साहेब नाथीबायपाशी गेले. "आजी, कसा वाटला सिनेमा?"

नाथीबाय कंदिलाची वात कमी करत होती. तिनं मान वर केली.

"उद्या हाय का हा खेल?"

"आहे ना!"

"मंग मना येलेवर बोलवा. मी नाय आले तं त्या होरीला किनारा कोन दाखवील?"