वाइंडिंगवाल्या मावशींचं मत

प्रयोगशाळेत मोटरींचं वाइंडिंग करण्यात, म्हणजे आत तांब्याची तार गुंडाळण्यात, मावशींची तीस वर्षं गेली. नव्या इंजिनिअर बाईंनी बनवलेला, मोटर चालवणारा कंट्रोलर पुढच्या क्षणी मोटरमधून किती करंट वाहील, याचा अंदाज आधीच बांधायचा. सकाळी अंदाज अचूक यायचा, दुपारी मात्र चुकायचा आणि मोटर गुरगुरायची. आठवडाभर डोकं खाजवून झाल्यावर बाईंनी मावशींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

मावशींनी मोटरवर हात ठेवला. "तापलीय ही. तापली की तारेचा रोध वाढतो. तुमच्या गणितात थंड तारेचाच धरलाय का?"

तसंच निघालं. गणित सुधारल्यावर मोटर दिवसभर शांत फिरली. बाई आभार मानू लागल्या, तर मावशींचेच डोळे भरून आले.

"काम सगळ्यांनीच करून घेतलं," त्या म्हणाल्या, "मत विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."