द्राक्षांना लावलेलं पुस्तक

माझा भाचा कर्नाटकाच्या किनाऱ्यावर सर्फिंग शिकायला गेला आणि तिसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला. "आत्या, समुद्र नुसता पडून आहे गं. परातीतल्या पाण्यासारखा. शिकवणारे म्हणतात, लाटा नसल्या की पुस्तकं वाचायची. तुला माहितीयेत का या विषयावरची चांगली पुस्तकं?"

त्याने हे चेष्टेत विचारलं होतं. मी नाशिकची. आमच्याकडे लाटा नसलेले दिवस वर्षाला तीनशे पासष्ट. त्यात माझा डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, कॅलिपर लावून चालणारी बाई मी. पण गंमत म्हणजे मी या विषयावरची तीन पुस्तकं वाचली होती आणि त्यातली दोन जवळजवळ पाठ होती. "सांगते," म्हटलं, "पण नावं विचारू नकोस. तिन्हींना कव्हरच नव्हतं."

कव्हर नव्हतं, कारण ती रद्दीतून आली होती. रद्दीवाला पुठ्ठा वेगळा काढून विकतो, त्यासोबत नावाचं पानही फाटून जातं, उरलेलं किलोवर. आणि आम्हाला रद्दी लागायची ती द्राक्षांसाठी. नव्वदच्या दशकात आमच्या भागात बागायतदारांनी ती नवी रीत धरली होती. मण्यात पाणी उतरायला लागलं की प्रत्येक घडाला कागद गुंडाळून स्टेपल मारायचं. नाहीतर थंडीउन्हाने मणी गुलाबी पडतात आणि परदेशात माल पाठवणारा व्यापारी नाक मुरडतो. तीन एकर बाग, हजारो घड. वडील जुन्या नाशकातून टेम्पो भरून रद्दी आणायचे आणि ती शेडमध्ये छतापर्यंत लागायची.

त्या ढिगात एका सुतळीत बांधलेली ही तीन इंग्रजी पुस्तकं मला मिळाली. कोण गोरा पाहुणा कुठल्या हॉटेलात ती टाकून गेला, देव जाणे. मी तेव्हा अठरा वर्षांची होते आणि दिवाळीपासून घरी बसले होते. कॉलेजचं पहिलंच वर्ष. नाशकाच्या मोठ्या स्टँडवर, सीबीएसवर, बसमधून उतरताना कॅलिपर पायरीत अडकला आणि मी सगळ्यांसमोर आडवी झाले. वह्या चिखलात, ओढणी कुठे, मी कुठे. दोघीतिघी हसल्या. त्या बिचाऱ्या घाबरून हसल्या असतील, आज कळतं. तेव्हा मात्र घरी येऊन सांगून टाकलं की मी पुन्हा जाणार नाही. आई रडली. वडील म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म भरायला जानेवारीतला दुसरा शनिवार आहे. तोवर काय ते ठरव. त्यानंतर मी विचारणार नाही." आणि खरंच विचारलं नाही. आमच्या घरात सगळेच हट्टी, मी काय आभाळातून पडले नव्हते.

पहिलं पुस्तक फोटोंचं. फळीवर पोटावर कसं पडायचं, हातांनी पाणी कसं मारायचं, कधी उठायचं. मला त्यातलं सगळ्यात काय आवडलं असेल, तर सुरुवात आडवं पडून करायची असते हे. मी दुपारी शेडमधल्या बाकावर पोटावर पडून हात मारून बघायचे. आईने एकदा बघितलं आणि आली तशी परत गेली.

दुसरं पुस्तक लाटांचं शास्त्र. कुठेतरी दूर वादळ होतं आणि त्याची हालचाल कितीतरी दिवसांचा प्रवास करून किनाऱ्याला येते, पाणी आहे तिथेच राहतं, असं त्यात होतं. मी हौदात ढेकूळ टाकून खात्री करून घेतली. पाण्यावरचं कडुलिंबाचं पान खरंच जागच्या जागी वरखाली झालं. एवढा आनंद झाला की गड्यांना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "बरं मग?"

तिसरं एका बाईचं होतं. तिने आपलं आयुष्य लिहिलं होतं, बेटावरचं. समुद्र पडून असला की ती फळी घासायची, रस्सा शिजवायची, शेजारणीशी भांडायची, आणि वाट बघायची. वाट बघण्याबद्दल इतकं चांगलं लिहिलेलं मी नंतरही वाचलं नाही. मधेच एका लाटेने तिला खडकावर आपटलं आणि तिचा गुडघा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, आता फळीवर उभं राहणं विसरा. डिक्शनरी घेऊन दिवसाला दोन पानं, असं मी वाचत होते, आणि शेवटचं प्रकरण उरलं तेव्हा मनाशी ठरवून टाकलं, ही बाई परत उभी राहिली तर मी फॉर्म भरणार. नाही राहिली तर नाही. अठराव्या वर्षी माणूस कशावरही पैज लावतं.

हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं. आमच्याकडे दर हंगामाला, घरचा भात काढून झाला की, सुरगाण्याच्या डोंगराकडून मजूर यायचे. त्यांच्यात एक मावशी होत्या. दुपारी भाकरी खायला लिंबाखाली, माझ्याशेजारी बसायच्या. मी त्यांना त्या दिवसाची दोन पानं मराठीत सांगायची. त्यांनी समुद्र पाहिलेला नव्हता, मीही नव्हता. पण त्यांचे प्रश्न सरळ असायचे. "फळीवर उभी राहती, अन् मजुरी कोन देतं तिला?"

"कोणीच नाही."

"मंग येडी हाय," म्हणायच्या, आणि लगेच, "फुडं काय झालं?"

आता माझी अक्कल बघा. घरात कोणी विचारू नये की अभ्यास सोडून हे काय वाचतेस, म्हणून ती पुस्तकं मी लपवायचे कुठे? रद्दीच्याच ढिगात. म्हटलं, कागदात कागद, कोण बघतंय! कागद लावण्याच्या आठवड्यात मला ताप आला. दोन दिवसांनी उठून शेडमध्ये गेले तर ढीग निम्मा झालेला आणि बागेत जिकडेतिकडे पांढरे घड लोंबत होते. फोटोंचं पुस्तक बचावलं होतं, त्याचा कागद गुळगुळीत म्हणून बायकांनी बाजूला टाकलेला. लाटांचं शास्त्रही तळाशी सापडलं. बाईचं पुस्तक मात्र पानपान होऊन द्राक्षांवर चढलं होतं. माझी शेवटची अकरा पानं धरून.

मी तिथेच बसून भोकाड पसरलं. एवढी मोठी घोडी, पण रडले. फॉर्मला सहा दिवस उरले होते.

मावशी आल्या. काय झालं ते ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं ताई, ती बारकी पिवळी पानं? ती तर म्याच लावली! मोठ्या घडाला पुरंनात, म्हनून बारीक घडांना लावली. इहिरीकडच्या आठ-दहा ओळी आसंल."

वडिलांना सांगितलं. मला वाटलं होतं ओरडतील. ते म्हणाले, "शोध. पण घड उघडा ठेवायचा नाही. एक कागद काढलास की दुसरा लावायचा." आणि स्टेपलर हातात दिला.

नांगरलेली जमीन, ढेकळं, वर मांडवाच्या तारा. मी एका हाताने तार धरायची, दुसऱ्या हाताने घड चाचपायची. त्याआधी मी बागेच्या कडेला बसणारी, आत कधी शिरत नसे. पहिल्या दिवशी तीनदा पडले. मावशींनी उठवायला हात दिला नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मला राग आला. "बघताय काय?" म्हणून खेकसले. त्या म्हणाल्या, "तार धर की. तार कशापायी हाय?" दिवसभर त्यांचं काम चालायचं आणि पाच वाजता बाकीच्या बायका चुलीकडे गेल्या की त्या अनवाणी पायांनी माझ्यासोबत ओळी धुंडाळायच्या. वाचता येत नव्हतं, म्हणून पिवळं दिसलं की हाक मारायच्या. मी पानाचा आकडा बघायची. बहुतेक वेळा वाचून झालेलं जुनंच पान निघायचं. असं पाच दिवस.

शुक्रवारी संध्याकाळी अकरावं पान मिळालं, पुस्तकातलं अगदी शेवटचं. औषध फवारल्याचे निळे डाग, मधोमध स्टेपलची भोकं. ऊन उतरलेलं होतं. मी विहिरीच्या कठड्याला टेकून वाचलं.

ती उभी राहिली नव्हती. तिने आपली फळी शेजारच्या मुलीला देऊन टाकली होती आणि वाळूत पाय लांब करून बसली होती. त्या दिवशी लाटा फार सुंदर होत्या, असं लिहून तिने पुस्तक संपवलं होतं.

असा संताप आला मला! वाटलं, हे पान फाडून विहिरीत टाकावं. एवढ्यासाठी मी पाच दिवस ढेकळं तुडवली?

"काय लिवलंय?" मावशींनी विचारलं. त्या पुढे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होत्या. पायांना माती, केसांत वाळलेली पानं. दिवसभर राबून ही बाई रोज माझ्यामागे फिरली होती. तिच्या हातात मी हे कसं ठेवणार होते?

"उभी राहिली," मी म्हटलं.

त्यांनी टाळी वाजवली. खरोखर वाजवली, लहान पोरीसारखी. "म्हनत नव्हते मी! येडीच हाय ती!" आणि मग माझा दंड धरून, अगदी गंभीरपणे, "मंग उद्या फारम भरायला किती वाजता जायाचं?"

आता काय सांगणार? थाप मारून मीच अडकले होते. शनिवारी सकाळी वडिलांच्या मागे स्कूटरवर बसून गेले आणि फॉर्म भरला. सोमवारपासून बस.

पुढे मी बी.ए. केलं, बी.एड. केलं. आज शाळेत इंग्रजी शिकवते आणि मुलांना कव्हर फाटलेली पुस्तकंही वाचायला लावते. हे सगळं ज्यांच्यामुळे झालं त्यांची यादी केली तर वर मावशी, मग वडिलांचा तो स्टेपलर, मग ती बेटावरची बाई. तिला मी केव्हाच माफ केलंय. तिने खरं लिहिलं होतं. वाळूत बसूनही लाटा सुंदर दिसू शकतात, हे कळायला मला अजून पंधरा वर्षं लागली. भाच्याला म्हटलं, असं पुस्तक मिळालं तर शेवटपर्यंत वाच आणि ते कोणाला सांगायचं असेल तर नीट विचार करून सांग.

मावशी पुढच्या हंगामाला परत आल्या. मी कॉलेजातून घरी आले तर लिंबाखाली बसलेल्या. पाणी प्यायच्या आधी त्यांनी विचारलं, "ताई, ती पान्यातली बाई कशी हाय? परत पडली का?"

"पडली," मी म्हटलं. "वर्षात दोनदा."

"मंग?"

"मग काय. उठली."