आढीतले आंबे आणि आमची नाकं

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात बाबा मला रत्नागिरीच्या एस.टी. स्टँडवर पोचवायला आले, ते आंब्याची पेटी घेऊन. बस सुटेपर्यंत एकेक फळ नाकाशी धरून "हा उद्या, हा परवा" असं सांगत होते. मी बंगलोरला हौसेनं निघाले नव्हते. मला बाग हवी होती. पण आढीच्या पेंढ्यातून मी काढलेला आंबा दरवेळी आंबट निघायचा, आणि बाबांनी पाहुण्यांदेखत निकाल दिला होता, "बागेला नाक लागतं गो. तू आपली शीक."

तिकडे लॅबमध्ये काम मिळालं ते नेमकं वासाचं! फुलांसारखा एक गोड वास पकडणारं नाकातलं प्रथिन आणि ते बनवणारं जनुक. आंब्यातही तो वास असतो म्हणे. सँपल कमी पडली म्हणून आम्ही आपापलं रक्त दिलं, तर माझ्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या; एक जरी धड असती तरी तो वास मला आला असता. सगळे हळहळले; मला पेढे वाटावेसे वाटले. लगेच एस.टी.डी. बूथ गाठला आणि बाबांना सांगितलं, की माझा दोष नाही, एक प्रत आईची, एक तुमची.

"आमच्याकडे बिघडलेलं काही नाही," बाबा म्हणाले. "दोन्ही आईच्याच असतील."

पुढच्या मे महिन्यात मी त्या वासाची बाटलीच घरी नेली. बाबांनी डोळे मिटून बराच वेळ हुंगली.

"पाणी आहे. फसवलंन् तुला कोणीतरी."

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अत्तर कोणी गो सांडलंन्?"

मी आत गेले. आईनं मान वर केली नाही. "तीस वर्षं तयार आंबे वरच्या थराला मीच लावत्ये, ते वरचेच उचलतात. त्यांना बोलू नको हो."

मला संताप आला. ह्याच नाकानं मला घराबाहेर काढलं होतं. पण स्टँडवर बाबांनी पुन्हा आंबा हुंगून "हा उद्या" म्हटलं, तेव्हा मीही तो नाकाशी धरला आणि "हो, उद्याच" म्हणाले. वास कसला यायचा!

आता बंगलोरला पेटी आली की मी आईनं लावलेल्या वरच्या थरापासून मुकाट्यानं खायला लागते. माझं घर त्या थरात आहे, एवढं मला कळलंय. मग बाबांचा फोन येतो, वास कसा आहे विचारायला.

"घमघमाट आहे, बाबा."

"बघ. शेवटी माझंच नाक घेतलंस."