बारा शब्दांची हजेरी

रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यात अपर्णा मोहरीलची शिकवणी कुठे आहे, हे कोणाला विचारावंच लागत नाही. संध्याकाळी तिचा आवाज गल्लीच्या तोंडाशीच कानावर आदळतो. बाई बोलते खणखणीत आणि रागावते त्याहून खणखणीत. तिला स्वतःचं मूल नाही, पण गल्लीतल्या अर्ध्या पोट्ट्यांचे कान तिनं पिळलेले आहेत. त्यातले काही आता साहेब झाले, तरी तिला पाहून अजून स्कूटरवरून खाली उतरतात.

गणित शिकवता शिकवता तिनं पैशाचा वर्ग काढला, तो नववी-दहावीच्या पोरांच्या पायी. पोरं मोबाइलवर क्रिप्टोचे व्हिडिओ पाहायची आणि म्हणायची, "दीदी, करोड़पति बनना है." तिचं डोकंच फिरलं.

"व्हिडिओ पाहून कोणी करोडपती होते काय रे? बसा इथं. मी शिकवते."

बारा पोरं आली. प्रत्येकाच्या गुल्लकमधले पाचशे रुपये घेतले आणि खरेखुरे क्रिप्टोचे कॉइन विकत घेतले. आईबापांना तिनं छातीठोक सांगितलं, "भाव पडून बुडाले त बुडतील, पोरं तेही शिकतील. पण चोरी नाही होणार. मी बसली आहे ना!" तिच्या या एका शब्दावर लोकांनी पैसे दिले होते.

खातं तिच्या फोनवर निघालं; शिल्लक तिथं दिसायची, पण पैसा काढायला किल्ली लागायची. ती किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द, ठरलेल्या क्रमानं. ते ज्याला ठाऊक, पैसा त्याचा. मग ना बँक कामाची, ना पोलीस.

इथं बाईला शक्कल सुचली. बारा पोरं, बारा शब्द! प्रत्येकाच्या कानात एकेकच सांगितला. "एकट्याले पैसा कधीच काढता येणार नाही. सगळे मिळून उभे राहाल तेव्हाच पैसा निघेल. याले म्हणतात भरोसा." पोरं थक्क झाली. अपर्णा स्वतःवर इतकी खूश झाली, की जेवताना नवऱ्याला तिनं हे दोनदा ऐकवलं.

पण पोरं शब्द विसरली तर? मग हजेरी कशाला आहे! 'हजर' म्हणण्याऐवजी ज्यानं त्यानं आपला शब्द म्हणायचा. एक नंबर, "मँगो!" दोन नंबर, "लॅडर!" रोज, क्रमानं, गळा फाडून. आणि खिडकी सताड उघडी, कारण एप्रिलात रायपुरात खिडकी लावून कोण बसतं? तुमच्या ध्यानात आलंच असेल. तिच्या नाही आलं. आयुष्यभर हजेरी घेतलेल्या बाईला हजेरीतच खोट कशी दिसावी?

सात नंबरची यामिनी पलीकडच्या ब्राह्मणपारा मोहल्ल्यातून सायकलनं यायची. दहावीतली, कमी बोलणारी पोट्टी. ती दोनदा म्हणाली, "दीदी, खिड़की बंद कर दूँ?"

"काहून? गर्मीनं जीव घेतेस का माझा?"

तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही.

मग एका मंगळवारी अपर्णानं पुकारलं, "सात नंबर!" उत्तर आलं नाही. यामिनी आलीच नव्हती. अपर्णा पुढचा नंबर घेणार, तेवढ्यात समोरच्या गच्चीवरून, गहू निवडता निवडता, विमलाकाकू ओरडल्या, "पम्पकिन वं, पम्पकिन! सात नंबर पम्पकिन नाही का?"

पोरं खो खो हसली. अपर्णा खिडकीशी धावली.

"काकू... तुम्हाले कसं माहीत?"

"अवं, रोजच त ऐकून राहिली! मले सगळे पाठ झाले. दूधवाल्यालेही येतात. म्हणून दाखवू?"

"नको!" ती इतक्या जोरात किंचाळली की काकूंच्या हातातलं सूप कलंडलं.

तिनं फोन उघडला. शिल्लक महिन्यातून एकदाच पाहायची, धीर धरायला शिकायचं, हा नियमही तिचाच. आत शून्य होतं. तिनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. शून्यच. सगळे कॉइन आदल्या रात्रीच दुसऱ्या कुठल्या खात्यात गेले होते.

घाबरून पोरांमधला विहंग बोलला, "दीदी, यामिनी पूछ रही थी, पैसा दूसरे खाते में कैसे भेजते हैं."

झालं! अपर्णानं मागचापुढचा विचार केला नाही. स्कूटी काढली आणि थेट ब्राह्मणपाऱ्यात यामिनीच्या दाराशी उभी राहिली. दार तिच्या आईनं, निवेदितानं उघडलं. शेजारणी बाहेरच बसल्या होत्या.

"तुमच्या पोरीनं चोरी केली! बारा लेकरांचा पैसा उचलला!" सगळ्या मोहल्ल्याला ऐकू गेलं.

आतून यामिनी आली. अंगावर चादर, डोळे तापानं लाल. तिनं आईचा फोन अपर्णापुढे धरला. सगळे कॉइन तिथं होते, एकही कमी नाही. खात्याला तिनं नाव दिलं होतं, 'दीदी की क्लास'.

"गली में सबको शब्द याद हो गए थे, दीदी. डर लगा, तो इधर रख दिया. बताने ही वाली थी, बुखार आ गया." मग, कधी नव्हे ते, ती मराठीत बोलली. "मी दोनदा म्हटलं होतं, खिडकी बंद करू का म्हणून."

लाजेनं अपर्णाला तिथंच मरून जावंसं वाटलं.

निवेदितानं पोरीच्या डोक्यावरून चादर सारखी केली. "नवं खातं काढा, पैसे परत पाठवते ती, घेऊन घ्या. आणि आता जा, दीदी."

दुसऱ्या दिवशी अपर्णा खिडकीत उभी राहिली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "यामिनीनं चोरी नाही केली! तिनं पैसे वाचवले! मूर्ख मी आहे!" लोक दुकानांतून बाहेर येऊन पाहायला लागले. ब्राह्मणपाऱ्यापर्यंत मात्र तो आवाज जाणार नव्हता.

मग ती हजेरीला बसली. पोरं आता नुसतं 'हजर' म्हणत होती.

"सात नंबर!"

ती थांबली. यामिनीची जागा रिकामीच होती. समोरच्या गच्चीवर गहू निवडणारा काकूंचा हात थांबला, पण आज त्या काही बोलल्या नाहीत.