महिना आधी कोण लिहितं?

सहा मेची सकाळ. डोळ्यांच्या दवाखान्यातून सिस्टरचा फोन आला... पोखर्णीच्या एक मावशी काउंटरसमोर बसल्यात, उठायला तयार नाहीत, तुमी जरा या.

मी परभणीत घरी बसून पुण्यातल्या एका छोट्या कंपनीसाठी काम करते. या दवाखान्याची ऑपरेशनचा नंबर लावायची वेबसाइट आमच्या कंपनीची, त्यामुळे काही अडलं की बोलावणं मलाच.

मावशींचं नाव लीलाबाई. मोतीबिंदूचं ऑपरेशन आज आहे म्हणून पिशवीत कपडे भरून आल्या होत्या. सिस्टरच्या स्क्रीनवर मात्र त्यांची तारीख होती ५ जून.

त्यांनी मला मोबाइलवरचा मेसेज दाखवला. त्यात 06/05 असं लिहिलेलं... म्हणजे सहा मे. आपण कुणीही तसंच वाचू.

नंबर त्यांनी स्वतःच लावला होता. आधी मराठी आकडे टाकले तर लाल अक्षरात 'चुकीची तारीख' आलं, म्हणून मग इंग्रजी आकडे टाकले. ते वेबसाइटनं मुकाट्यानं घेतले. फक्त अमेरिकेच्या पद्धतीनं... महिना आधी, दिवस नंतर. सहाव्या महिन्याची पाच तारीख.

सिस्टर समजावत होत्या, मावशी, एक महिन्यानं या. लीलाबाईंनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाल्या, "जूनात पेरणी हाय. तवा डोळ्याला पट्टी बांधून, धूळ-पाणी टाळत घरात बसू का? मी तारीख बराबर लिव्हली. चुकलं ते तुमचं मशीन. मी न्हाई उठत."

त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

वेबसाइट सुरू व्हायच्या आधीच मी टीम लीडना हे सांगितलं होतं. आम्ही जे फ्रेमवर्क वापरतो, म्हणजे वेबसाइटचा तयार सांगाडा, ते टाइप केलेल्या आकड्यांची तारीख करताना महिना आधी धरतं. तेरा तारखेपासून पुढे निदान एरर तरी येते, कारण तेरावा महिना नसतो. बारापर्यंत मात्र ते गुपचूप उलटं करून ठेवतं. लीड म्हणाले होते, डिफॉल्टला, म्हणजे त्यातल्या मूळ सेटिंगला, हात लावू नकोस.

तेवढ्यात सिस्टर म्हणाल्या, गंगाखेडचे एक काका आजच्या यादीत आहेत, पण ते अजून आलेच नाहीत. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्यांना फोन लावायला सांगितला.

काका शांतपणे म्हणाले, "माझी तर पाच जूनची हाय की."

त्यांनी ५/६ टाकलं होतं... मशीननं त्याचं सहा मे केलं होतं. काकांची जागा मावशींच्या नावावर गेली होती आणि मावशींची काकांच्या! डॉक्टरांनी दोघांची नावं अदलाबदल करायला लगेच होकार दिला. लीलाबाईंचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं.

मग सिस्टर आणि मी नंबर लावलेल्या बाकी सगळ्यांना फोन करत बसलो. कुणाची तारीख उलटी झाली आणि कुणाची नाही, हे नुसतं बघून कळणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी लीडचा फोन. तारखेच्या रकान्यावर एक सूचना टाक म्हणाले, 'कृपया महिना आधी लिहा'. युजरला शिकवावं लागतं.

मी म्हटलं, "सर, परभणीत महिना आधी कोण लिहितं? तुम्ही तरी लिहिता का?"

सूचना टाकली नाही मी. फ्रेमवर्कमध्येच आपला स्वतःचा कन्व्हर्टर, म्हणजे आकड्यांची तारीख करणारा भाग, बसवायची सोय असते... एकदा बसवला की वेबसाइटच्या प्रत्येक पानावरची तारीख त्यातूनच जाते. तो लिहिला. दिवस आधी. मध्ये तिरकी रेघ असो, आडवी असो, नुसतं टिंब असो, सगळं चालेल. मराठी आकडेही चालतील. एकतीस जून लिहिलं तर मनानं एक जुलै करायचं नाही, सरळ विचारायचं. आणि नंबर पक्का करण्याआधी तारीख अक्षरात दाखवायची... 'सहा मे, मंगळवार. बरोबर आहे का?' मेसेजमध्येही तसंच.

लीड म्हणाले, हे स्टँडर्ड नाही, काढून टाक. मी म्हटलं, काढणार नाही. काढायचं असेल तर तुम्ही काढा आणि पुढच्या पेशंटला परत पाठवायला इथं काउंटरवर स्वतः उभे राहा. शेवटी म्हणाले, ठेव, पण जबाबदारी तुझी.

घेतली.

नोकरीत एवढं ताठ मी याआधी कधी बोलले नव्हते. ते बळ लीलाबाईंचं... सगळे उठा म्हणत असताना त्या बसून राहिल्या, म्हणून मला उभं राहता आलं. थँक्यू मावशी.

आणि आता कुणी मला युजरला शिकवा म्हटलं, तर माझं उत्तर ठरलेलं आहे. शिकायचं तर मशीननं शिकावं. आमी न्हाई बदलत.